प्रतिकृतीला साक्ष देता येत नाही

ठासणीच्या जुन्या बंदुकांबद्दल नांदेड-लातूरकडे आता एक मत चांगलेच रुजू लागले आहे. ते इतिहासाची आवड असलेली, शिकलेली माणसे मांडतात, म्हणूनच त्याचा प्रतिवाद करायला हवा. मत असे : या जुन्या बंदुका सांभाळत बसण्यात आता अर्थ उरलेला नाही. त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बाजारात मिळतात. शाळेत, शिवजयंतीच्या प्रदर्शनात, किल्ल्यावरच्या एखाद्या दालनात प्रतिकृती मांडाव्यात. पोरांना त्या हातात घेता येतात, गंज नाही, धोका नाही, परवान्याची कटकट नाही. वाड्यात पडलेली भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, मात्र पोलीस ठाण्यात जमा करावी आणि मोकळे व्हावे.

या म्हणण्यातला निम्मा भाग खरा आहे आणि त्याकडे मी पुढे वळणार आहे. उरलेला निम्मा भाग घातक आहे. तो मान्य केला तर येत्या काही वर्षांत कंधार, देगलूर, उदगीर, औसा, निलंगा या भागांतल्या जुन्या घरांमधून एक अख्खा पुरावा कायमचा नाहीसा होईल, आणि तो नाहीसा झाल्याचे कुणाला दुःखही होणार नाही, कारण ‘तसेच दिसणारे’ काहीतरी भिंतीवर टांगलेले असेल.

सगळा वाद ‘हुबेहूब’ या शब्दावर उभा आहे. म्हणून आधी नळी पाहू. बंदुकीत नळीइतके बोलके दुसरे काही नाही. आजच्या प्रतिकृतीची नळी पोलादाच्या तयार नळकांड्यातून किंवा भोक पाडलेल्या दांड्यातून निघते. ती बाहेरून चरकावर कातलेली, आतून एकसारखी, टोकापासून बुडापर्यंत सरळ असते. जुनी देशी नळी अशी जन्मालाच येत नव्हती. लोखंडाची लांब पट्टी तापवायची, सळईभोवती पिळा घालत गुंडाळायची आणि घाव घालून तिचे पदर एकजीव करायचे. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त ही पद्धत नोंदवली आहे. पूर्वी पत्र्याच्या कडा एकमेकींना जोडून केलेल्या नळ्या फुटत, पट्टी पिळून केलेल्या टिकू लागल्या, असे तो सांगतो. नळ्या आतून घासायला जनावराने फिरवायचे एक चाक होते आणि त्यावर एका वेळी सोळा नळ्या साफ होत, हेही तो लिहितो. सोळाव्या शतकातला हा तपशील वाचून समजतो. पण हात लावून समजून घ्यायचा असेल तर जुनी नळीच लागते. तिच्या अंगावर पिळ्याचे पदर दिसतात, कुठे सांधा नीट बसलेला नसतो, कुठे घणाचा घाव जास्त पडलेला असतो. आतला व्यास तोंडाशी एक, मध्यावर वेगळा. लोहाराचा हात तिथे वाचता येतो.

आणि आपल्या भागाला लोहाराच्या हाताची गोष्ट परकी नाही. नांदेडची हद्द ओलांडली की निर्मळ आणि त्याच्या दक्षिणेला कोनासमुद्रम. मुशीत पोलाद गाळणारी ही गावे. तिथल्या पोलादाची पद्धत व्हॉयसे या इंग्रज संशोधकाने लिहून ठेवली आणि ते टिपण १८३२ साली छापले गेले. ते पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी तिथवर येत. ते मुख्यतः पात्यांसाठी जाई, नळ्यांसाठी नव्हे. तरीही गोदावरीच्या या पट्ट्यात लोखंड कसे गाळत, कसे ठोकत, याचे ज्ञान किती खोल होते हे त्यावरून कळते. आपल्या जुन्या वाड्यांतल्या नळ्यांचे लोखंड आजवर नीट तपासले गेलेले नाही. उद्या कुणी तपासायला निघाला, तर प्रतिकृतीतून त्याच्या हाती आजच्या कारखान्याचे पोलाद येईल.

नळीनंतर कान. नळीच्या बुडाशी रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, पेट घेते ते बारीक भोक. बंदूक जितकी वापरली जाते तितका हा कान रुंदावतो, कडा खातो. कान अजून बारीक आहे की पार फाकला आहे, की फाकल्यावर कुणी त्यात नवा तुकडा बसवून पुन्हा भोक पाडले आहे, यावरून बंदूक भिंतीची शोभा होती की रोज चालत होती हे सांगता येते. दस्त्यावर गाल टेकायची जागा झिजून गुळगुळीत झालेली असते. लाकडाला तडा गेल्यावर कुणी कच्चे कातडे ओले असताना आवळून बांधलेले असते, कुणी पितळी पट्टी मारलेली असते. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीच्या, बंदुकीचे काही वर्षांनी चकमकीच्या बंदुकीत आणि तिचे पुढे टोपीच्या बंदुकीत रूपांतर केलेले असते, आणि त्या प्रत्येक बदलाचे जुने खिळे, बुजवलेली भोके लाकडात राहतात. एका घरातल्या तीन पिढ्यांचा खर्च, गरज आणि ओढाताण त्या लाकडावर दिसते. प्रतिकृती एका दिवसाची असते. ती ज्या दिवशी कारखान्यातून निघाली तो दिवस तिच्यावर असतो.

अक्षरांची गोष्ट तर याहून मोठी. १६८९ मध्ये दक्षिणेतला अदोनीचा किल्ला पडल्यावर बिकानेरच्या अनूपसिंहाने तिथली शस्त्रे आपल्या शस्त्रागारात नेली. त्यांतल्या अनेकांवर टिंबाटिंबांनी ठोकलेल्या देवनागरी नोंदी आहेत. आज जगातल्या कुठल्याही संग्रहात दक्षिणेतले एखादे शस्त्र आढळले आणि त्यावर ही टिंबे दिसली, की ते अदोनीहून आले असावे असे अभ्यासक म्हणू शकतो. दक्षिणी शस्त्रांच्या कालनिश्चितीचा एक भक्कम आधार या बारीक टिंबांवर उभा आहे. खंडेनवमीला पॉलिश पेपर घेऊन बसलेला माणूस अशी टिंबे अर्ध्या तासात पुसून टाकतो. त्याच्या मनात श्रद्धाच असते, पण टिंबे जातात ती जातातच.

आता रायफलीकडे वळतो, कारण ‘हुबेहूब’च्या दाव्याचा खरा पराभव इथे होतो. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ही ठासणीची रायफल. ५७७ बोअर, ३९ इंची नळी, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन पन्हळी, ७८ इंचांत एक फेरा. १८५७ च्या काडतुसांच्या प्रकरणामुळे ती शाळेतल्या पोरालाही नावाने माहीत आहे. तिच्या प्रतिकृती जगभर होतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने तर मूळ कारखान्यातली मापे वापरून अशा रायफली केल्या आणि त्या उत्तम गणल्या जातात. पण उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केले? देशी पलटणींसाठी बाहेरून एनफिल्डसारखीच दिसणारी, आतून मात्र गुळगुळीत नळीची बंदूक काढली. बोअर ६५६, पन्हळी नाहीत, आणि पल्ल्याप्रमाणे वरखाली करायच्या माशीऐवजी मागे साधी ठोकळ्याची माशी. आपल्याच हिंदी शिपायाची गोळी लांबवर अचूक जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. राज्यकर्त्याच्या मनातला अविश्वास इथे लोखंडात कोरून ठेवला आहे, किंवा जास्त बरोबर सांगायचे तर लोखंडातून खरवडून काढला आहे.

बाजारात मिळणारी एनफिल्डची प्रतिकृती पन्हळींची असते, कारण हौशी नेमबाजाला नेम हवा असतो. ती १८५३ चा इंग्लंडमधला नमुना अचूक दाखवते. इथे, या देशात त्या नमुन्याचे काय झाले हे ती दाखवत नाही. हिंगोली आणि अंबाजोगाई या आपल्याच आसपासच्या गावांत हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या फौजेच्या छावण्या होत्या. या परिसरात कुणाकडे एनफिल्डसारखी जुनी बंदूक असेल, तर तिच्या तोंडात बोट घालून पन्हळ लागते की नाही एवढे पाहिले तरी १८५८ नंतरच्या हिंदुस्थानचा एक धडा समोर येतो. तो धडा छापील चित्रातून मिळत नाही आणि चांगल्यातल्या चांगल्या प्रतिकृतीतूनही मिळत नाही.

यावर एक हुशार उत्तर दिले जाते. ज्याला तुम्ही अस्सल म्हणता तीही नक्कलच ना? तोड्याची बंदूक बाहेरून आली, चकमकीची युरोपातून आली, आपल्या कारागिरांनी बघून बघून केली. मग नकलेची नक्कल केली तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. १७८६ च्या सुमारास निजामाच्या चाकरीतल्या रेमंड या फ्रेंच सरदाराने हैदराबादेत तोफा-बंदुकांचा कारखाना उभारला. ती जागा आजही ‘तोप का सांचा’ म्हणून ओळखली जाते. तिथे झालेली बंदूक युरोपी नमुन्याची होती, हे खरे. पण ती १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईसारख्या प्रसंगासाठी, जीव जाण्या-राहण्याच्या हिशेबाने केलेली होती. कुठले लोखंड मिळाले, काय जमले, कुठे तडजोड केली, हे सगळे तिच्यात आहे. नेपाळमध्येही एनफिल्डच्या धर्तीच्या बंदुका तिथल्या कारागिरांनी केल्या आणि आज त्या बंदुका नेपाळच्या इतिहासाचा अस्सल ऐवज मानल्या जातात. गरजेपोटी आपल्या काळात केलेली नक्कल ही त्या काळाची वस्तू असते. दोनशे वर्षांनी हौसेपोटी केलेली नक्कल ही आपल्या काळाची वस्तू. दोन्ही ‘नकला’ म्हणून एका तागडीत टाकणे हा युक्तिवाद ऐकायला चपखल वाटतो, पण तो चुकीचा आहे.

त्या नेपाळचीच पुढची हकीकत सांगायला हवी. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला ठासणीच्या बंदुकांचा प्रचंड साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांना विकला गेला. जुन्या बंदुका म्हणजे अडगळ, असे एकदा ठरले की काय होते ते यातून दिसते. आता नेपाळच्या शस्त्रांचा अभ्यास करायचा तर अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांच्या दारात उभे राहावे लागते.

आता प्रतिकृतीची बाजू. कारण अस्सलाचे अभिमानी म्हणवणारे काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. प्रतिकृती म्हणजे जत्रेतले खेळणे, खरी बंदूक ती खरीच, तिचा बार काढल्याशिवाय तिच्यातला जीव कळत नाही, असे ते म्हणतात. त्यांनाही माझा विरोध आहे, आणि तो इतकाच तीव्र आहे. शंभर-दीडशे वर्षांची नळी बाहेरून कितीही चांगली दिसली तरी आत ओल, गंज आणि दारूची जुनी राख यांनी ती कुठे किती खाल्ली आहे हे डोळ्यांना कळत नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते. पिळ्याचा एखादा पदर आतून सुटला असेल तर नळी डाव्या हाताजवळच फाटू शकते. अशा बंदुकीत दारू घालणे हा वेडेपणा आहे, आणि त्यात माणूसही जातो आणि वस्तूही.

ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय नेमबाजी भरवणाऱ्या संघटनेने अस्सल आणि प्रतिकृती असे दोन स्वतंत्र वर्ग ठेवले आहेत. ज्यांचा या बंदुकांशी रोजचा संबंध आहे, त्यांनीच या दोन गोष्टी एका पंगतीत बसवलेल्या नाहीत. इटलीतल्या गार्दोने गावात १९५७ मध्ये सुरू झालेला पेदेर्सोलीचा कारखाना प्रतिकृती बनवतो. तिथल्या नळ्या सरकारी तपासणीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून, बार काढून, मग शिक्का मारून बाहेर पडतात. ज्याला बार काढायचा आहे त्याने अशीच बंदूक घ्यावी, अर्थात परवान्यासह. आपल्या देशातूनही प्रतिकृती परदेशी जातात. त्यांतल्या बऱ्याचशांच्या नळीला कानच पाडलेला नसतो, म्हणजे पाठवताना ती बंदूक ठरत नाही. शाळेला, नाटकाला, मिरवणुकीला अशी बिनकानाची प्रतिकृतीच योग्य.

मुलांच्या हातात प्रतिकृती द्यायला माझी ना नाही, उलट आग्रह आहे. बंदुकीचे वजन, गज ओढून काढायची उठाठेव, दारू, गोळी, गज, रंजक, मग तोडा, हा क्रम, आणि या सगळ्यात जाणारा वेळ पोराला हातानेच कळतो. तयार शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला तीनएक बार काढी, तोड्याच्या बंदुकीला याहून वेळ लागे. पावसात तोडा विझे. एवढे हातांनी अनुभवले की जुन्या लढायांचे वर्णन वेगळे दिसू लागते. हे काम प्रतिकृतीचे आहे आणि ते तिने करावे. पण प्रतिकृतीने लक्ष्यावर पाडलेली भोके दाखवून ‘बघा, मराठ्यांच्या बंदुका इतक्या अचूक होत्या’ असे सांगणे थांबले पाहिजे. एकसारखी नळी, कारखान्यातली एकसारखी दारू, साच्यातली गोळी यांच्या जोरावर ती भोके पडलेली असतात. जुन्या बंदुकीला यांतले काहीच लाभलेले नव्हते.

नांदेडकरांना तर अस्सल वस्तूचे मोल मी सांगावे अशी परिस्थितीच नाही. सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांच्या स्मृतीची शस्त्रे आहेत. तलवारी, धनुष्ये, बाण, ढाल आणि त्यांत एक तोड्याची बंदूकही. १७०८ मध्ये गुरूंनी याच गावी देह ठेवला, आणि महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथली वास्तू बांधवली. त्या शस्त्रांच्या दर्शनाला लोक पंजाबातून, परदेशातून येतात. त्यांच्या जागी अगदी तशीच घडवलेली शस्त्रे ठेवली तर चालतील का, हा प्रश्न नांदेडच्या कुठल्याही माणसाला विचारून पाहावा. ‘ती श्रद्धेची गोष्ट आहे, इतिहासाची नव्हे’ असे यावर कुणी म्हणेल. मला यात भेद दिसत नाही. श्रद्धा आणि इतिहास दोघांनाही तीच वस्तू हवी असते, तिच्यासारखी नको असते. भक्ताला जे सहज कळते ते प्रदर्शन भरवणाऱ्याला कळू नये याचे मला वाईट वाटते.

कायद्याची भीती मात्र खरी आहे. तिला उत्तर दिले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण कधी? ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नसेल तेव्हाच. म्हणजे पणजोबांची भरमार फक्त जुनी आहे म्हणून कायद्याबाहेर जात नाही. ती चालण्याजोगी असेल तर परवाना लागतो, आणि वंशपरंपरेने आलेल्या शस्त्राची दखल कायदा घेतो. हा रस्ता लांबचा आहे, तरी चालण्याजोगा आहे. शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हा परवान्याचा वेगळा प्रकार याच कायद्यात आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. दुसरीकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेऊ देत नाही. प्रतिकृती मात्र राजरोस निर्यात होते. दोन्हींत काही फरक नाही म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की सरकारनेही तो फरक मानलेला आहे.

माझी मागणी अशी की गावागावांतून शस्त्रे जमा होतात तेव्हा ती मोडीत जाण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराने एकदा पाहावीत. गडचिरोलीत भरमार बंदुका पोलिसांकडे सोपवल्या जातात, ते त्या जिल्ह्याच्या शांततेसाठी आवश्यकच आहे. पण सोपवलेल्या ढिगात एखादी तोड्याची दक्षिणी बंदूक असेल तर ती भट्टीत का जावी? तिचा कान बंद करून, नळीला हात न लावता तिला संग्रहालयात ठेवता येते.

राहता राहिला प्रश्न प्रामाणिकपणाचा. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ची. सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारदी होता आणि त्याच्या कवायती पायदळाच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. त्या लढाईच्या देखाव्यात जर टोपीची एनफिल्ड मांडली, तर आपण गारद्याच्या हाती त्याच्या मृत्यूनंतर नव्वदहून अधिक वर्षांनी निघालेली रायफल देतो. बाजारात जी प्रतिकृती स्वस्त मिळते ती उचलून मांडली की हेच होते. खाली ‘शिवकालीन’ असे लिहिले तर चूक आणखी दोन पायऱ्या खाली उतरते. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली तेव्हा किती वाद झाला ते आठवावे. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाने सांगितले होते. एका वस्तूच्या अस्सलपणासाठी आपण महिनोन्महिने भांडलो आणि ते भांडण योग्यच होते. मग गावोगावच्या प्रदर्शनांत प्रतिकृतीवर ‘प्रतिकृती’ असे लिहायला संकोच कसला? ते लिहिल्याने प्रतिकृतीची किंमत कमी होत नाही, पाहणाऱ्याची फसवणूक तेवढी टळते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात औसा, उमरगा, निलंगा या भागांतली दगडमातीची घरे आणि वाडे कोसळले. माणसे गेली, त्यापुढे वस्तूंचा हिशेब कुणी करायचा? पण त्या ढिगाऱ्यांखाली माळ्यांवरच्या पेट्या, कागद आणि शस्त्रेही गेली. जे उरले ते म्हणूनच जास्त जपायचे.

ज्यांच्या घरात अजून अशी बंदूक आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आधी ती भरलेली नाही ना हे पाहा. जुन्या नळीत कित्येक वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. तोंड दुसरीकडे धरून नळीत लाकडी काठी बुडापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहा. काठी कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग ती विस्तवाजवळ नेऊ नका, स्वतः काढायला जाऊ नका, जाणकाराला आणि पोलिसांना बोलवा. नळी रिकामी असेल तर खंडेनवमीला तिला पॉलिश पेपर, चिंच, राख, रंग यांतले काहीही लावू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, हळदकुंकू धातूऐवजी खालच्या पाटावर वाहा. अक्षरे, टिंबे, आकडे दिसले तर फोटो काढून ठेवा. घरातल्या थोरांना ती कुठून आली, कुणी वापरली हे विचारा आणि त्यांचे शब्द तारखेसह लिहून ठेवा. परवान्याचे काय ते तहसील आणि पोलीस ठाण्यात विचारून मार्गी लावा. सांभाळणे झेपत नसेल तर भंगारवाल्याकडे किंवा भट्टीकडे पाठवण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला एक पत्र लिहा. शाळेसाठी प्रतिकृती खुशाल विकत आणा.